गेमची फाइल उघडत नाही तेव्हा आधी काय पाहावे?

जुन्या सिडकोत माझे संगणक दुरुस्तीचे छोटेसे दुकान आहे. सुट्ट्या लागल्या की पहिल्याच आठवड्यात एक तक्रार वेगवेगळ्या तोंडांनी माझ्या काउंटरवर येते: "काका, ही गेमची फाइल उघडतच नाही." फाइल दर वेळी निराळी असते आणि गेमही निराळा असतो. चूक मात्र बहुतेक वेळा तीच असते, म्हणून ती एकदा सविस्तर लिहून काढतो आहे.

या मे महिन्यात अकरावीतला एक मुलगा पेन ड्राइव्ह घेऊन आला. घरचा जुना संगणक मोडीत काढण्यापूर्वी त्याने 'जीटीए सॅन अँड्रियास' या गेममधली आपली सगळी प्रगती पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवली होती आणि हे शहाणपणाचेच काम होते. नंतर वडिलांनी विंडोज १० असलेला एक सेकंड-हँड संगणक घेतला. फाइल नीट आली आहे ना, एवढेच पाहण्यासाठी त्याने त्या संगणकावर तिच्यावर डबल क्लिक केले. ही फाइल कशाने उघडायची, असे विंडोजने विचारले. त्याने नोटपॅड निवडला आणि 'नेहमी हाच प्रोग्राम वापरा' या चौकटीत खूणही केली. पडद्यावर चौकोन, प्रश्नचिन्हे आणि चित्रविचित्र अक्षरांची खिचडी आली. संगणकाच्या तासाला 'काम झाले की कंट्रोल-एस दाबा' असे शिकवतात. त्याने तेही इमानेइतबारे दाबले आणि खिडकी बंद केली. तेव्हापासून गेम ती फाइल घ्यायलाच तयार नव्हता.

त्या फाइलीचे पुढे काय झाले ते ओघात सांगतो. त्याआधी हे समजून घ्यावे लागेल, की गेमच्या बहुतेक फायली आपण उघडण्यासाठी नसतातच. त्या गेमने उघडायच्या असतात. "फाइल उघडत नाही" या तक्रारीचा अर्थ अनेकदा "फाइल मी उघडतो आहे, गेम नाही" एवढाच असतो. (या लेखात एक्स्टेन्शनची आणि फायलींमधली रोमन अक्षरे देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, पडद्यावर ती अर्थातच रोमन लिपीत दिसतील.)

शेपूट आणि पोट

फाइलीच्या नावातल्या शेवटच्या टिंबानंतर जे असते ते एक्स्टेन्शन. मी त्याला शेपूट म्हणतो. आपण डबल क्लिक करतो तेव्हा विंडोज फाइलीच्या पोटात डोकावून पाहत नाही. ते फक्त शेपूट बघते आणि आपल्या नोंदवहीत त्या शेपटासमोर ज्या प्रोग्रामचे नाव लिहिलेले असेल, त्याच्या हाती फाइल सोपवते. नोंदवहीत काहीच नसेल तर आपल्याला विचारते. म्हणजे शेपूट ही पेटीवरची चिठ्ठी आहे. आपल्याकडे हंगामात द्राक्षांच्या पेट्यांवर 'थॉमसन' किंवा 'सोनाका' असे छापलेले असते. आत थॉमसन भरून वर सोनाकाची चिठ्ठी डकवली म्हणून मणी काही लांबट होत नाहीत. त्याचप्रमाणे 'डीएटी' शेपटाच्या फाइलीला 'एमपी३' असे नाव दिल्याने तिच्यातून गाणे वाजू लागत नाही. तरीही नाव बदलून पाहणे हा बहुतेकांचा पहिला प्रयोग असतो, आणि त्यातूनच पुढचा गोंधळ सुरू होतो.

पहिली अडचण अशी, की विंडोज ओळखीची शेपटे मुळात दाखवतच नाही. ही सोय म्हणून ठेवलेली सवय मला नेहमीच अपायकारक वाटत आली आहे. विंडोज ११मध्ये फाइल एक्स्प्लोररच्या वरच्या पट्टीत 'व्ह्यू', त्यात 'शो' आणि त्यात 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' असा पर्याय आहे. विंडोज १०मध्ये 'व्ह्यू' टॅबमध्येच ती चौकट मिळते. तिथे खूण केल्याशिवाय पुढचे काहीही करू नये, असे मी प्रत्येकाला सांगतो.

याचे कारण माइनक्राफ्ट खेळणाऱ्या मुलांना लगेच पटते. माइनक्राफ्टच्या बेडरॉक आवृत्तीतले जग 'एमसीवर्ल्ड' शेपटाच्या फाइलीत साठवून मित्राला पाठवता येते. ही फाइल आतून साधी झिप, म्हणजे अनेक फायली दाबून एकत्र बांधलेली फाइल असते, त्यामुळे मोबाइलवरून किंवा ब्राउझरमधून येताना कधीकधी तिच्या मागे 'झिप' हे आणखी एक शेपूट चिकटते. मुलगा नाव बदलून 'एमसीवर्ल्ड' करतो, पण खरे शेपूट लपलेले असल्याने प्रत्यक्षात नाव 'एमसीवर्ल्ड डॉट झिप' असेच राहते आणि माइनक्राफ्ट तिला ओळखत नाही. शेपटे दिसू लागली की मागचे 'झिप' पुसून टाकले, डबल क्लिक केले आणि जग आत गेले. सगळे मिळून अर्ध्या मिनिटाचे काम. इथे नाव बदलणे चालते, कारण पोटात झिपच आहे आणि ती कोणाच्या हाती द्यायची एवढाच प्रश्न आहे.

लपलेल्या शेपटांचा दुसरा धोका अधिक गंभीर आहे. 'सेव्हगेम डॉट डीएटी डॉट ईएक्सई' अशा नावाची फाइल शेपटे लपलेली असताना 'सेव्हगेम डॉट डीएटी' अशी निरुपद्रवी दिसते आणि डबल क्लिक करताच प्रोग्राम म्हणून चालू होते. वरून कीर्तन, आतून तमाशा असा हा प्रकार आहे. गेमची प्रगती, नकाशा, पोशाख किंवा आवाज म्हणून कोणी 'ईएक्सई', 'बीएटी' किंवा 'एससीआर' शेपटाची फाइल दिली, तर ती उघडून पाहू नये, पुसून टाकावी.

पहिले सोळा बाइट

शेपटावर भरवसा ठेवायचा नाही, तर ठेवायचा कशावर? फाइलीच्या सुरुवातीच्या काही बाइटांवर. बहुतेक प्रकारच्या फायली आपली ओळख पहिल्या चार-आठ बाइटांत लिहून ठेवतात, आणि ती पाहण्यासाठी फाइलीतला प्रत्येक बाइट आकड्यांत दाखवणारा, हेक्स एडिटर नावाचा प्रोग्राम लागतो. मी दुकानात एचएक्सडी वापरतो. तो फुकट आहे, हलका आहे आणि कित्येक जीबींची फाइलही सहज उघडतो. पडद्याच्या डाव्या बाजूला दोन-दोन आकड्यांच्या ओळी दिसतात (हे आकडे सोळा-आधारी असतात, म्हणून त्यात ए ते एफ ही अक्षरेही येतात) आणि उजव्या बाजूला त्यातले जे वाचता येण्याजोगे असेल ते अक्षरांत दिसते. नवख्याने फक्त उजवी बाजू पाहिली तरी पुष्कळ कळते. एकच पथ्य पाळायचे: आधी फाइलीची प्रत करायची आणि ती प्रतच उघडायची.

पहिली दोन अक्षरे 'पीके' असतील, आणि डावीकडे ५० ४बी ०३ ०४ असे आकडे असतील, तर ती झिप आहे, मग शेपूट काहीही असो. ही दोन अक्षरे झिपचा मूळ कर्ता फिल कॅट्झ याच्या नावाची आहेत. झिप हा प्रकार १९८९ सालचा. क्वेक ३ची 'पीके३', डूम ३ची 'पीके४', अँड्रॉइडची 'एपीके', जावाची 'जेएआर', माइनक्राफ्टचे 'एमसीपॅक' या सगळ्या आतून झिपच आहेत. अशा फाइलीवर उजवे क्लिक करून सेव्हन-झिप या झिप उघडणाऱ्या प्रोग्राममधून 'ओपन आर्काइव्ह' निवडले की आतले फोल्डर दिसतात. नाव बदलण्याचीही गरज पडत नाही.

इतरही काही खुणा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. 'आरएआर' ही अक्षरे झिपसारख्याच रार या प्रकाराची, 'ओजीजीएस' ही ऑग ध्वनीची, 'डीडीएस' आणि त्यापुढे मोकळी जागा ही टेक्स्चरची, म्हणजे वस्तूंवर चढवलेल्या चित्राची. 'बीआयके' असेल तर ती गेममधली छोटी चित्रफीत असते, 'एमपीक्यू' असेल तर वॉरक्राफ्ट ३ या गेमच्या काळातले गाठोडे, म्हणजे अनेक फायली एकत्र बांधलेली एक मोठी फाइल. 'युनिटीएफएस' अशी स्पष्ट अक्षरे दिसली तर युनिटी इंजिनवर, म्हणजे गेम बनवण्याच्या एका तयार सांगाड्यावर बनवलेल्या गेमचे ते गाठोडे आहे. आयएसओ, म्हणजे सीडी-डीव्हीडीची हुबेहूब प्रत असलेली फाइल, मात्र या नियमाला अपवाद आहे. तिची 'सीडी००१' ही खूण अगदी सुरुवातीला नसते. पहिले सोळा सेक्टर, म्हणजे ३२,७६८ बाइट, आणि त्यापुढे आणखी एक बाइट सोडून मग ती येते. त्यामुळे "सुरुवातीला नुसती शून्ये आहेत, म्हणजे आयएसओ खराब आहे" असा निष्कर्ष घाईने काढू नये. विंडोज ८पासून आयएसओवर डबल क्लिक केले की ती स्वतंत्र ड्राइव्हसारखी उघडते. त्यासाठी वेगळा प्रोग्राम लागत नाही.

या विषयाची गोडी लागायची असेल, तर १९९३ सालच्या डूम गेमची 'डब्ल्यूएडी' फाइल हेक्स एडिटरमध्ये उघडून पाहावी. पहिली चार अक्षरे 'आयडब्ल्यूएडी' किंवा 'पीडब्ल्यूएडी' असतात: पहिला प्रकार मूळ गेमचा, दुसरा लोकांनी केलेल्या भरीचा. पुढचे चार बाइट आत किती वस्तू आहेत ते सांगतात आणि त्यापुढचे चार बाइट सूची कुठे आहे ते सांगतात. सूची सहसा फाइलीच्या शेवटी असते, आपल्या पुस्तकांच्या शेवटी असते तशीच. सूचीतली प्रत्येक नोंद नेमकी सोळा बाइटांची: वस्तू कुठे आहे याचे चार, किती मोठी आहे याचे चार आणि नावाचे आठ. एवढे कळले की भिंतींची चित्रे, राक्षस, बंदुकीचे आवाज हे सगळे एकाच फाइलीत कसे मावते, ते स्वच्छ दिसते. पुढे इतर गेमनी जी गाठोडी बांधली, त्यातल्या अनेकांची बांधणी थोड्याफार फरकाने अशीच आहे.

पीएके: एक नाव, अनेक घरे

सर्वांत जास्त घोटाळा 'पीएके' या शेपटाने केला आहे. १९९६ सालच्या क्वेक गेमची पीएके 'पीएसीके' या चार अक्षरांनी सुरू होते, आणि तिच्या सूचीतली प्रत्येक नोंद ६४ बाइटांची असते. क्रोम ब्राउझरच्या फोल्डरमध्येही पीएके फायली असतात, पण त्यांचा गेमशी काडीचाही संबंध नाही. अनरियल इंजिन ४वर बनवलेल्या गेमची पीएके आणखी निराळी असते. सुरुवात पाहून ती ओळखता येत नाही, कारण तिची ओळखखूण शेवटच्या भागात असते. हेक्स एडिटरमध्ये तळाशी जाऊन ई१ १२ ६एफ ५ए हे चार बाइट सापडले, तर ती अनरियलची आहे असे खुशाल समजावे.

त्यामुळे क्वेकसाठी लिहिलेला प्रोग्राम अनरियलच्या फाइलीला "फाइल खराब आहे" असे म्हणतो, तेव्हा फाइल धडधाकट असते; विचारणाराच चुकीच्या दारात उभा असतो. शिवाय अनरियलच्या पीएके पुष्कळदा किल्लीने कुलूपबंद केलेल्या असतात. ती किल्ली गेम बनवणाऱ्याकडे असते आणि ती आपल्याकडे नसेल तर कितीही प्रोग्राम बदलले तरी आत जाता येत नाही. अलीकडच्या अनरियल गेममध्ये पीएकेच्या शेजारी 'यूटीओसी' आणि 'यूसीएएस' अशी जोडी दिसते. त्यातली पहिली सूची आणि दुसरी प्रत्यक्ष माल. एकटी यूसीएएस कॉपी करून आणणारे भेटतात, तेव्हा त्यांना परत पाठवावे लागते.

सूची एकीकडे आणि माल दुसरीकडे, ही पद्धत जुनीच आहे. जीटीए मालिकेतल्याच वाइस सिटी या गेममध्ये 'आयएमजी' आणि 'डीआयआर' अशा दोन फायली एकाच नावाने शेजारी असतात. आयएमजीमध्ये गाड्या आणि इमारती भरलेल्या, डीआयआरमध्ये कोणती वस्तू कुठे आहे त्याची यादी. दोन वर्षांनी, २००४ साली आलेल्या सॅन अँड्रियासने सूची आयएमजीच्या आतच घेतली, आणि म्हणून त्या फाइलीची सुरुवात 'व्हीईआर२' अशी होते. वाइस सिटीची आयएमजी अशा कोणत्याही खुणेने सुरू होत नाही. दोन्हींचे शेपूट एकच, पण एकीचा प्रोग्राम दुसरीला चालेलच असे नाही. व्हॉल्व्ह या कंपनीच्या गेममधल्या 'व्हीपीके' फायलींचेही तसेच आहे. '०००', '००१' असे क्रमांक असलेल्या मोठ्या फायली उघडण्याचा प्रयत्न करू नये. ज्या फाइलीच्या नावात शेवटी 'डीआयआर' आहे ती छोटी फाइल उघडावी, म्हणजे बाकीचा संच तीच गोळा करते.

काही वेळा गेम बनवणाऱ्यांनी मुद्दामच थोडीशी आडकाठी घातलेली असते. वाइस सिटीच्या रेडिओची गाणी 'एडीएफ' शेपटाच्या फायलींत आहेत आणि कोणताही प्लेयर ती वाजवत नाही. प्रत्यक्षात ती साधी एमपी३ गाणी आहेत. फक्त प्रत्येक बाइटावर सोळा-आधारी २२, म्हणजे आपला ३४, या एकाच आकड्याने एक्सॉर ही क्रिया (दोन आकड्यांचे बिट एकमेकांशी ताडून जिथे ते वेगळे असतील तिथे १ आणि सारखे असतील तिथे ० लिहिणे) केलेली आहे. एमपी३ची चौकट एफएफ या बाइटाने सुरू होते. एफएफ आणि २२ यांचे एक्सॉर केले की डीडी येते. त्यामुळे एडीएफमध्ये जिथे डीडी दिसतो, तिथे बहुधा मुळात एफएफ होता. तीच क्रिया पुन्हा केली की गाणे परत मिळते. हे पहिल्यांदा स्वतः करून पाहिले त्या रात्री मी दुकान नेहमीपेक्षा बरेच उशिरा बंद केले होते.

सेव्ह फाइल: इथे हात सांभाळून

आता त्या मुलाच्या पेन ड्राइव्हकडे वळतो. सॅन अँड्रियासच्या संगणकावरील सेव्ह फाइलीचे शेपूट नुसते 'बी' असते आणि नावाच्या शेवटी एक ते आठपैकी एक आकडा असतो, कारण गेममध्ये सेव्ह करण्याचे आठ कप्पे आहेत. धडधाकट फाइलीचा आकार २,०२,७५२ बाइट असतो. हेक्स एडिटरमध्ये पाहिले तर सुरुवातीलाच 'बीएलओसीके' अशी पाच अक्षरे दिसतात आणि पुढेही प्रत्येक भागाच्या आरंभी तीच अक्षरे पुन्हा येतात. शेवटचे चार बाइट म्हणजे आधीच्या सगळ्या बाइटांची बेरीज. गेम फाइल उघडताना ती बेरीज स्वतः करून पाहतो आणि जुळली नाही तर फाइल नाकारतो.

मुलाच्या फाइलीत पाचही अक्षरे जागच्या जागी होती. आकारही नजरेत भरण्याइतका बदललेला नव्हता. पण अशा फाइलीत जिथे ०० ०० ०० अशा शून्यांच्या लांबच लांब रांगा असायला हव्यात, तिथे २० २० २० अशा रांगा दिसत होत्या. २० हा मोकळ्या जागेचा, म्हणजे स्पेसबारचा आकडा आहे. नोटपॅड हा मजकुरासाठी बनवलेला प्रोग्राम असल्याने शून्य बाइट त्याच्या कामाचा नसतो. त्याने वाचताना प्रत्येक शून्याच्या जागी मोकळी जागा धरली आणि कंट्रोल-एस दाबताच तेच कायमचे लिहून टाकले. साहजिकच बेरीज चुकली. "मग सगळे २० परत ०० करता येतील ना, काका?" असे त्याने विचारले, आणि प्रश्न हुशारीचा होता. पण मुळातही कुठेकुठे खरा २० असणार. कोणता २० खरा आणि कोणता नोटपॅडने घातलेला, हे आता कोणीही सांगू शकत नाही.

सुटका झाली ती वेगळ्या मार्गाने. पेन ड्राइव्हवर एक क्रमांकाच्या फाइलीबरोबर तीन क्रमांकाचीही फाइल होती, आधीच्या आठवड्यात सेव्ह केलेली, आणि तिला त्याने हात लावला नव्हता. तिच्या शून्यांच्या रांगा शाबूत होत्या. ती योग्य फोल्डरमध्ये ठेवली आणि गेम सुरू झाला. एका आठवड्याच्या मोहिमा तेवढ्या पुन्हा कराव्या लागणार होत्या. त्याने 'नेहमी हाच प्रोग्राम वापरा' म्हणून केलेली नोंदही बदलावी लागली. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'ॲप्स' आणि त्यात 'डिफॉल्ट ॲप्स' इथे शेपटागणिक प्रोग्राम बदलता येतो. ही नोंद तशीच राहिली तरी गेमचे काही बिघडत नाही, कारण गेम विंडोजला विचारून फाइल उघडत नाही. धोका एवढाच, की पुढच्या डबल क्लिकला पुन्हा नोटपॅड समोर येतो.

'योग्य फोल्डर' म्हणजे नेमका कोणता, हा स्वतंत्र त्रास आहे. सॅन अँड्रियास डॉक्युमेंट्समध्ये स्वतःचा फोल्डर करतो. इतर अनेक गेम ॲपडेटा या लपवलेल्या फोल्डरच्या 'लोकल' किंवा 'रोमिंग' भागात लिहितात, तर काही 'सेव्ह्ड गेम्स'मध्ये. अलीकडच्या संगणकांवर डॉक्युमेंट्स फोल्डर पुष्कळदा वनड्राइव्हच्या आत हलवलेला असतो, आणि मग एकाच नावाचे दोन फोल्डर तयार होतात. फाइल एकात ठेवली जाते आणि गेम दुसऱ्यात शोधतो. यावर एक सोपा उपाय आहे: आधी गेममध्ये नवा खेळ सुरू करून एकदा सेव्ह करावे, मग तासाभरात बदललेल्या फायली शोधाव्यात. जिथे ताजी फाइल सापडेल तेच खरे ठिकाण. आपली जुनी फाइल तिथेच, त्याच धाटणीच्या नावाने ठेवावी.

नोटपॅडने उघडण्यासारख्या फायलीही गेममध्ये असतात, हे सांगायला हवे. 'आयएनआय', 'सीएफजी', 'एक्सएमएल', 'जेसन' या मजकुराच्या फायली आहेत; पडद्याचा आकार किंवा कळांची रचना बदलण्यासाठी त्या उघडता येतात. 'डीएटी' आणि 'बिन' या शेपटांना मात्र स्वतःचा काहीच अर्थ नाही. डीएटी म्हणजे 'माहिती', आणि प्रत्येक गेमने आपापली माहिती त्यात आपापल्या पद्धतीने भरलेली असते. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीतली 'लेव्हल डॉट डीएटी' ही जीझिपने दाबलेली एनबीटी नावाची रचना आहे. दुसऱ्या गेमची डीएटी निव्वळ मजकूरही असू शकते. म्हणून "डीएटी कशाने उघडते?" या प्रश्नाला गेमचे नाव कळल्याशिवाय उत्तर नसते.

मोबाइलवरच्या ओबीबी

मोबाइलवर हाच प्रश्न 'ओबीबी' या नावाने येतो. अँड्रॉइडच्या मोठ्या गेमचा प्रोग्राम एपीकेमध्ये आणि चित्रे-आवाज ओबीबीमध्ये, अशी विभागणी बरीच वर्षे चालत आली. ओबीबी उघडायची नसते. ती अँड्रॉइड फोल्डरातल्या ओबीबी फोल्डरमध्ये, त्या गेमच्या पॅकेज-नावाच्या (अँड्रॉइड ज्या नावाने ॲप ओळखते त्या नावाच्या) फोल्डरात जशीच्या तशी ठेवायची असते. तिच्या नावातच 'मेन', आवृत्तीचा क्रमांक आणि पॅकेजचे नाव असते. त्यातला आवृत्तीचा क्रमांक एपीकेशी जुळला नाही, तर गेम काळा पडदा दाखवतो किंवा सगळे पुन्हा डाउनलोड करायला सांगतो. नाव बदलून फसवण्यात अर्थ नाही, कारण आतला माल त्या आवृत्तीचा नसतो.

अँड्रॉइड ११पासून इतर ॲप्सना या फोल्डरांत शिरण्यास मज्जाव आहे. "फाइल मॅनेजरमध्ये फोल्डर रिकामा दिसतो" ही तक्रार बहुधा त्यातूनच येते. शिवाय ऑगस्ट २०२१पासून गूगल प्लेवर नवे ॲप वेगळ्या बांधणीत द्यावे लागते आणि त्यात ओबीबी नसते. त्यामुळे नव्या गेमची ओबीबी शोधत बसू नये. मित्राकडून ओबीबी आणण्याचा खटाटोप करण्यापेक्षा वायफायवर रात्रभर डाउनलोड लावून ठेवलेले बरे, असे माझे मत आहे.

शेपूट बरोबर, पोटही बरोबर, तरीही नाही

काही वेळा ओळख पटते, प्रोग्रामही योग्य असतो, पण फाइल उघडत नाही. अशा वेळी आधी ती पूर्ण आली आहे का ते पाहावे. 'सीआरडाउनलोड' किंवा 'पार्ट' अशी शेपटे म्हणजे अर्धवट राहिलेले डाउनलोड; ते शेपूट पुसल्याने राहिलेला भाग येत नाही. '००१', '००२' किंवा 'पार्ट१', 'पार्ट२' असे तुकडे असतील तर ते सगळे एकाच फोल्डरमध्ये हवेत आणि पहिलाच उघडायचा. 'सेटअप-१ डॉट बिन' ही तर मुळी उघडायची वस्तूच नाही. ती 'सेटअप डॉट ईएक्सई'च्या शेजारी ठेवायची आणि ईएक्सई चालवायची. सीडीच्या प्रतीची बिन आणि क्यू अशी जोडी असेल तर क्यू नोटपॅडमध्ये उघडून पाहावी. ती चार-सहा ओळींचा मजकूर असते आणि तिच्यात बिनचे नाव लिहिलेले असते. कोणी हौसेने बिनचे नाव बदलले असेल, तर तोच बदल क्यूमध्ये करून सेव्ह केला की दोष गेला. इथे कंट्रोल-एस निर्धास्तपणे दाबता येते.

पेन ड्राइव्हचा एक दोष तर इतक्या वेळा येतो, की त्याची चिठ्ठी छापून काउंटरवर ठेवावी असे वाटते. बरेच पेन ड्राइव्ह फॅट३२ या पद्धतीने तयार केलेले असतात आणि फॅट३२वर ४ जीबीची किंवा त्याहून मोठी एकही फाइल मावत नाही. पेन ड्राइव्हवर ३० जीबी जागा रिकामी असली तरी ६ जीबीची पीएके जात नाही. पेन ड्राइव्हवरचे सगळे आधी उतरवून घेऊन तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला की काम होते.

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावरून घेतलेल्या गेमची मूळ फाइल बिघडली असेल, तर ती कोणाकडूनही मागून आणू नये. लायब्ररीत गेमवर उजवे क्लिक करून 'प्रॉपर्टीज', त्यात 'इन्स्टॉल्ड फाइल्स' आणि तिथे फायलींची पडताळणी करण्याचा पर्याय आहे. स्टीम प्रत्येक फाइल तपासते आणि बिघडलेल्या तेवढ्याच पुन्हा उतरवते. यात आपण बदललेल्या मूळ फायलीही पूर्ववत होतात, म्हणून मॉड, म्हणजे लोकांनी केलेले बदल, घातलेले असतील तर त्यांची प्रत आधी बाजूला ठेवावी. ऑनलाइन गेमच्या फायलींमध्ये मात्र प्रयोगादाखलही बदल करू नये, कारण फसवणूक रोखणारी यंत्रणा तो बदल पकडते आणि खाते बंद होऊ शकते.

'कोणतीही फाइल उघडून देतो' अशी जाहिरात करणारे प्रोग्राम इंटरनेटवर पुष्कळ आहेत. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या एका लॅपटॉपवर असे तीन प्रोग्राम होते. ज्या फाइलीसाठी ते घातले होते ती एकानेही उघडली नव्हती, आणि ब्राउझर मात्र जाहिरातींनी भरून गेला होता. एचएक्सडी आणि सेव्हन-झिप एवढे दोन प्रोग्राम असले, की निदान फाइल काय आहे ते कळते. ते कळल्यावर त्या एका प्रकारासाठीचा प्रोग्राम शोधावा.

एवढे करूनही फाइल उघडली नाही आणि ती कोणाला दाखवायची वेळ आली, तर सोबत चार गोष्टी लिहून आणाव्यात: गेमचे नाव आणि आवृत्ती, फाइलीचे शेपटासकट पूर्ण नाव, तिचा बाइटांतला नेमका आकार आणि ती मुळात कोणत्या फोल्डरमध्ये होती. हेक्स एडिटरमधल्या पहिल्या ओळीचा फोटो मोबाइलवर काढून आणला तर माझे निम्मे काम तिथेच होते. आणि पेन ड्राइव्हवर आणताना मूळ फाइल घरीच ठेवून तिची प्रत आणावी.